वऱ्हाड निघालंय डॅन्यूबच्या काठी

ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेवाचे आजोबा वारतात. आता सुतक आलं, लग्न पुढे गेलं, म्हणून नवरदेव मनातून खूश. पण नवरीचा भाऊ कसला ऐकतो! म्हातारा तीन दिवसांनी मेला असं जाहीर करू, तोवर त्याला माळ्यावर बर्फात ठेवा, असा त्याचा हुकूम. आणि खाली वाजंत्री सुरू होतात.

एमिर कुस्तुरित्सा यांच्या १९९८ सालच्या ‘काळी मांजर, पांढरा बोका’ या सर्बियन विनोदी प्रेमपटातला हा प्रसंग. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य सिंह या चित्रपटाला मिळाला. पटकथा गोर्दान मिहिच यांची. चित्रपटात एक डुक्कर ट्रॅबंट गाडी खाताना दिसतं आणि अधूनमधून दिसतच राहतं. दर वेळी गाडी आणखी थोडी कमी झालेली असते. पूर्व जर्मनीच्या त्या गाडीचा बाहेरचा सांगाडा कापसाचा चोथा आणि राळ यांपासून बनवत, त्यामुळे डुकराला अगदीच वेड लागलं होतं असं म्हणता येणार नाही. एक वाद्यवृंद झाडाला बांधलेल्या अवस्थेत वाजवतो. हंसांचे थवे तर प्रत्येक चौकटीत घुसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दिग्दर्शक सुट्टीवर गेलाय आणि गावजत्रेनं कॅमेरा ताब्यात घेतलाय.

गोष्ट मात्र चोख रचलेली आहे. बल्गेरियाच्या सीमेजवळ, डॅन्यूबच्या काठी एका पडक्या घरात मात्को आपल्या कोवळ्या वयाच्या मुलासह, झारेसह, राहतो. मात्को धंदे दहा करतो आणि दहाही बुडवतो. या वेळी त्याला चोरट्या इंधनाची आख्खी मालगाडी पळवायची आहे. भांडवल द्यायला वडिलांचा जुना मित्र ग्र्गा पितिच आहे, चाकाच्या खुर्चीत बसणारा, सोनेरी दातांचा म्हातारा दादा. भागीदारीला दादान आहे. हा दादान हातबॉम्ब चेंडूसारखे झेलतो, कोकेन ओढतो, भोवती बायकांचा घोळका बाळगतो आणि जुगारात उघड फसवतो. मालगाडी तो परस्पर गिळतो आणि वर मात्कोलाच कर्जदार ठरवतो. कर्ज फेडायचं कसं? तर दादानची धाकटी बहीण अफ्रोदिता सून म्हणून पत्करायची. ती उंचीनं अगदी ठेंगणी, घरात घोडनवरी म्हणून हिणवलेली, आणि स्वप्नातला पुरुष भेटेपर्यंत थांबायला तयार. झारेचा जीव जडलाय खानावळीत काम करणाऱ्या इदावर. म्हणजे बोहल्यावर चढणाऱ्या दोघांनाही हे लग्न नको आहे. बहीण ‘हो’ म्हणेना तेव्हा भाऊ तिला विहिरीत बुचकळ्या देतो. हे पाहून हसू येतं, आणि हसलो याची थोडी लाज वाटते.

यातलं इंधन काही लेखकानं हवेतून काढलेलं नाही. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं सर्बिया आणि माँटेनेग्रोच्या युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले. पेट्रोल पंप कोरडे पडले आणि रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून, डब्यांतून पेट्रोल विकलं जाऊ लागलं. रोमानिया आणि बल्गेरियाकडून ते चोरून यायचं, नदीतूनही यायचं. याच काळात चलन असं कोसळलं की १९९३ मध्ये ५०० अब्ज दिनारची नोट छापावी लागली. तिच्यावर चित्र होतं मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या योव्हान योव्हानोविच झ्माय या कवीचं. जानेवारी १९९४ या एका महिन्यात भाव ३१ कोटी टक्क्यांहून अधिक वाढले. प्राध्यापकाचा पगार भाजीच्या पिशवीएवढा उरलेला असताना गाडी उडवत फिरायची ऐपत कुणाची होती? चोरट्या पेट्रोलवाल्याची, सिगारेटवाल्याची आणि ज्यांच्या आशीर्वादानं हे चाले त्यांची. सरकारी यंत्रणा आणि टोळ्या यांच्यातली भिंत पातळ होत होत दिसेनाशी झाली.

दादान त्या जमान्याचं पिल्लू आहे. लग्नाचा त्याचा हव्यासही त्या जमान्यात नवा नव्हता. फेब्रुवारी १९९५ मध्ये निमलष्करी टोळीचा म्होरक्या ‘अर्कान’, म्हणजे झेल्को राझ्नातोविच, यानं लोकप्रिय गायिका त्सेत्सा हिच्याशी लग्न केलं. नवरदेव पहिल्या महायुद्धातल्या सर्बियन अधिकाऱ्याच्या गणवेशात होता, आणि तो थाट देशानं दूरचित्रवाणीवर पाहिला. पश्चिम युरोपात बँका लुटलेला आणि बोस्नियातल्या अत्याचारांसाठी बदनाम झालेला हा माणूस त्या दिवशी राष्ट्राचा जावई असल्यासारखा मिरवत होता. दादान म्हणजेच अर्कान असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रेक्षकांनी तो सोहळा पाहिला होता, त्यांना दादानच्या मांडवातली बंदूक आणि बँड यांची जोडी समजावून सांगायची गरज नव्हती.

दादानची भूमिका स्रजान तोदोरोविच आणि इदाची ब्रांका कातिच यांनी केली आहे, आणि इथे एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हे दोघे सर्बियाच्या पडद्यावरचे परिचित चेहरे. १९९२ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, स्रजान द्रागोयेविच या तरुण दिग्दर्शकाच्या ‘आम्ही देवदूत नाही’ या हलक्याफुलक्या प्रेमपटात दोघेही होते. तोदोरोविच त्यात चक्क सैतान झाला होता. या दोघांभोवती कुस्तुरित्सानं बरेचसे कलाकार घेतले ते रोमा, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत त्या, समाजातले, त्यातले अनेकजण आधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. संवादही बहुतांशी रोमानीत आहेत. ही भाषा आपल्याच भारतीय-आर्य कुळातली, त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर मधूनच ओळखीचे आकडे कानावर पडतात.

आक्षेप इथेच सुरू होतात आणि ते वाजवी आहेत. चोरटे व्यापारी, जुगारी, गाणारे-वाजवणारे, कोंबड्या-बदकांत राहणारे लोक म्हणजे रोमा, हा युरोपचा जुना शिक्का या चित्रपटानं पुसलेला नाही. उलट ठळक केलाय. बेलग्रेडमधल्या पांढरपेशा चोरांची गोष्ट नदीकाठच्या रोमा वस्तीत नेऊन सांगितली की शहरी प्रेक्षक निर्धास्त हसतो, आपल्याबद्दल काहीच नाही म्हणून. द्रागोयेविचनं त्याच वर्षी ‘जखमा’ काढला. त्यात असा आडोसा नाही. बेलग्रेडच्या इमारतींत वाढलेली दोन पोरं गुंडांना आदर्श मानतात आणि त्यांच्यासारखीच होतात. गंमत म्हणजे ब्रांका कातिच त्यातही आहे. प्रामाणिकपणाच्या मोजमापात ‘जखमा’ वरचढ आहे, हे मी मान्य करतो.

तरी उपहासाची धार मला ‘काळी मांजर’मध्ये जास्त जाणवते, आणि त्याचं कारण त्याच्या प्रेमकथेत आहे. नेहमीच्या प्रेमपटात प्रेमिक स्वच्छ असतात आणि जग मळकं. इथे झारे आणि इदा जगाचीच हत्यारं वापरतात. सूर्यफुलांच्या शेतात त्यांचा प्रणय चालतो तेवढाच काय तो निर्मळ भाग. शेवटी झारे लग्न लावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर बंदूक धरतो. साक्षीदार हवेत? काळी मांजर आणि पांढरा बोका आहेत की. संपूर्ण चित्रपटात सरकार म्हणून जे काही दिसतं ते एवढंच. एक सीमाशुल्क अधिकारी आहे, त्याचा मुडदा रेल्वे फाटकाच्या दांड्याला लटकून वरखाली होतो. दुसरा हा विवाह नोंदणीवाला, त्याचा शिक्का पिस्तुलाच्या टोकावर मिळतो. दादाननं जबरदस्तीनं लावलेलं लग्न आणि झारेनं जबरदस्तीनं लावून घेतलेलं लग्न यांत कागदोपत्री फरक शून्य. पुढच्या प्रवासाचा खर्च निघतो आजोबांनी अकॉर्डियनमध्ये लपवलेल्या पैशांतून, आणि ते म्हाताऱ्यानं पेन्शनमधून साठवले असतील असं मानायला काहीच आधार नाही.

मग दोघं बोटीत बसून निघून जातात आणि पडद्यावर ‘हॅपी एंड’ अशी अक्षरं उमटतात. ही अक्षरं मला चित्रपटातला सर्वांत खट्याळ विनोद वाटतात. सुखान्त आहे, फक्त तो देशाबाहेर आहे. नव्वदच्या दशकात शिकलेली, हुशार तरुण पिढी सर्बिया सोडून कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया असं जिथे जागा मिळेल तिथे गेली. पोरं विमानतळावर सोडून आलेल्या आईबापांना त्या बोटीचा अर्थ सांगावा लागला नसेल. व्हेनिसनंतर सहा-सात महिन्यांत, एप्रिल १९९९ मध्ये, ती बोट जिच्यातून निघाली त्याच डॅन्यूबवरचे नोवी साद शहरातले पूल नाटोच्या विमानांनी पाडले. ढिगाऱ्यांनी नदी अडली, वाहतूक पुढे कित्येक महिने ठप्प झाली.

कुस्तुरित्साबद्दल एक गोष्ट टाळता येत नाही. सारायेवोत जन्मलेल्या या माणसाला ‘अंडरग्राउंड’साठी १९९५ मध्ये कान महोत्सवात दुसऱ्यांदा सुवर्णपाम मिळालं, आणि लगोलग तो सर्बियन राष्ट्रवादाची तळी उचलतो असा गहजब झाला. आलाँ फिंकेलक्राउत या फ्रेंच विचारवंतानं तर चित्रपट न पाहताच लेख लिहिला. चिडून कुस्तुरित्सानं चित्रपट करणं सोडल्याचं जाहीर केलं. पुढे रोमा वादकांवर माहितीपट करायचं ठरलं आणि त्यातून ‘काळी मांजर’ उभा राहिला. नंतरच्या वर्षांत त्याचं राजकारण त्या आरोपांच्या दिशेनं बरंच सरकलं, त्यामुळे आरोप करणारे अगदीच आंधळे होते असं आज म्हणवत नाही.

याचा परिणाम त्याच्या विनोदावर झाला. २००७चा ‘शपथ’ पाहा. मोक्रा गोरा या डोंगराळ भागात त्यानं स्वतःसाठी लाकडी गाव वसवलं, त्यानंतरचा हा प्रेमपट. आजोबा नातवाला शहरात धाडतात: गाय विक, संत निकोलसची पूजेची तसबीर आण, एखादी भेटवस्तू आण आणि बायको घेऊन ये. शहरात एक गुंड बसलाय, त्याला सर्बियाच्या खेड्यात जुळे मनोरे उभारायचे आहेत. खासगीकरणाच्या नावाखाली चाललेली लूट टिपणारी ही कल्पना झकास आहे. वेड्यावाकड्या यंत्रांची, उडत्या माणसाची गंमतही आहे. पण आता सगळी घाण शहरात गोळा झालीय आणि गाव देवळासारखं पवित्र झालंय; टोपी कुणाची उडवायची हे आधीच ठरलेलं आहे. मात्को त्या गावात राहायला गेला असता, तर आजोबांनी त्याला पहिल्याच संध्याकाळी वेशीबाहेर काढला असता. डुकराला मात्र ठेवून घेतलं असतं.