आधी तिची वाटी

आपल्याकडे घरातली बाई सगळ्यांना वाढून झालं की शेवटी जेवते. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र हे चालत नाही.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात आणि बहुतेक वेळा जठराचीच नळी करून ती वर जोडतात. अन्न मावायला पूर्वीइतकी जागा उरत नाही. म्हणून दिवसातून सहा ते आठ वेळा, थोडं थोडं, नीट चावून खायचं. पाणी जेवणाबरोबर भरपूर नको, मधल्या वेळेत प्यावं. गोड जास्त झालं तर छातीत धडधडतं, घाम फुटतो. खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची.

तेव्हा "सारखी काय खातेस?" असं कुणी म्हणू नये आणि तिनंही ओशाळू नये. "एवढंसंच?" म्हणून आग्रहही नको. वजन सुरुवातीला उतरतं, सावरायला महिने लागतात. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं भरलेलं ताट नव्हे. वाटीभर मऊ खिचडी सुखानं पचली, तर तो दिवस चांगला गेला. असे दिवस हळूहळू वाढतात.

घास पुन्हा अडकू लागला, तर मनातल्या मनात घाबरून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जोडलेली जागा अरुंद झाली असेल तर ती दुर्बिणीतून रुंद करता येते. आणि मिश्री-तंबाखू घरातून जायलाच हवी, तिचीही आणि इतरांचीही.

आज तिची वाटी सगळ्यांच्या आधी भरा. ते तिचं औषधच आहे.