पाच मतांचा मतदारसंघ

लंडनच्या मध्यवर्ती भागात ‘सेंट्रल फिन्सबरी’ नावाचा एक मतदारसंघ होता. १८८५ च्या पुनर्रचनेत तो निर्माण झाला आणि १९१८ च्या पुनर्रचनेत नामशेष झाला. अवघे तेहतीस वर्षांचे त्याचे आयुष्य. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या गावातील वाचकाने या विस्मृत मतदारसंघाची आठवण का ठेवावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन आकड्यांत आहे. जुलै १८९२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उदारमतवादी पक्षाचे उमेदवार दादाभाई नौरोजी यांना तेथे २,९६१ मते मिळाली आणि हुजूर पक्षाचे फ्रेडरिक पेंटन यांना २,९५६. अवघ्या पाच मतांच्या बळावर दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटच्या सभागृहात गेले आणि तेथे त्यांनी आपल्या पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली.

हा विजय दैवयोगाने पदरी पडलेला नव्हता. १८८६ मध्ये दादाभाईंनी शेजारच्या होबर्नमधून निवडणूक लढविली आणि तेथे त्यांचा मोठा पराभव झाला. १८८८ च्या अखेरीस पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरोच्या सभेत त्या पराभवाचा उल्लेख करून, इंग्रज मतदार एका ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील असे आपणास वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या उद्दाम उद्गारांनी दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले, पण केवळ सहानुभूतीवर निवडणूक जिंकता येत नाही. फिन्सबरीच्या क्लार्कनवेल भागात घड्याळे बनविणारे आणि इतर कारागीर राहत. त्यांच्या वस्तीत दादाभाई वर्षानुवर्षे फिरले. पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्यांनी उमेदवारीवरून दीर्घकाळ वाद घातला, तरी त्यांनी मैदान सोडले नाही. त्या वेळी ते सदुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. या पायपिटीतून मिळालेली दोन-चार मते कमी पडली असती, तर इतिहासाचे ते पान कोरे राहिले असते.

या मतदारसंघाचा संपूर्ण इतिहासही बोधप्रद आहे. १८८५ मध्ये तो उदारमतवाद्यांच्या हॉवर्ड स्पेन्सली यांनी जिंकला. १८८६ मध्ये हुजूर पक्षाच्या पेंटन यांनी. १८९२ मध्ये दादाभाईंनी. १८९५ मध्ये हुजूर पक्षाचे मॅसी-मेनवेअरिंग यांनी दादाभाईंचा पराभव केला. १९०६ मध्ये कामगार चळवळीतील स्टेडमन आले आणि जानेवारी १९१० मध्ये हुजूर पक्षाचे आर्चर-शी. आठ सार्वत्रिक निवडणुकांत पाच वेळा ही जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. कोणतीही जागा कोणाच्या मालकीची नसते, हा त्याचा सरळ अर्थ.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. कारण तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. एका भारतीयाला पार्लमेंटमध्ये बसू देणाऱ्या इंग्रजांच्या उदारतेचे गोडवे गाणारा एक वर्ग आपल्याकडे आजही आहे. लोकशाही ही इंग्रजांनी आपल्याला दिलेली देणगी, असे त्याचे म्हणणे. दहाव्या शतकातील उत्तरमेरूरचा शिलालेख या वर्गाने वाचलेला नसतो. ग्रामसभेच्या सदस्यांची पात्रता-अपात्रता आणि चिठ्ठ्या काढून त्यांची निवड करण्याची पद्धत त्यात कोरलेली आहे. पण तो विषय क्षणभर बाजूला ठेवू आणि १८९२ हेच वर्ष घेऊ. त्या वर्षी क्लार्कनवेलचा घड्याळजी दादाभाईंना मत देऊ शकत होता. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र दादाभाईंनाच काय, कोणालाही मत देण्याचा अधिकार नव्हता. त्याच वर्षी संमत झालेल्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने प्रत्यक्ष निवडणूक दिली नाही. आणि वर्धा ज्या मध्य प्रांतात होते, त्याला १९१४ पर्यंत विधिमंडळच नव्हते.

या शेतकऱ्याचा कापूस मात्र लंडनला ठाऊक होता. मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. माल जात होता, कर जात होता, अधिकाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतने जात होती. हाच संपत्तीचा ओघ दादाभाईंनी आकडेवारीनिशी मांडला आणि भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये असल्याचे दाखवून दिले. असा अभ्यासू पुरुष पार्लमेंटमध्ये बसल्याने काय झाले? १८९३ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडबरोबरच भारतातही घ्याव्यात, असा ठराव कॉमन्स सभागृहाने संमत केला. सरकारने तो गुंडाळून ठेवला. भारतात ती परीक्षा प्रत्यक्ष सुरू होण्यास १९२२ साल उजाडले. दादाभाईंच्या पराभवानंतर वर्षभरातच, १८९६ मध्ये, लँकेशायरच्या हितासाठी भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क लादले गेले. त्याचा भार विदर्भातील गिरण्यांवरही पडला.

दादाभाईंची निष्ठा आणि विद्वत्ता यांत काही उणे नव्हते. उणीव होती ती जागेची. परक्यांच्या सभागृहात परक्यांच्या मतांवर बसलेला एकटा प्रतिनिधी आपल्या देशाचे दुःख सांगू शकतो, ते दूर करू शकत नाही. हे सत्य दादाभाईंनी स्वतःच्या अनुभवातून जाणले. १९०६ च्या प्रारंभी नॉर्थ लँबेथमध्ये त्यांचा पुन्हा पराभव झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, एक्याऐंशी वर्षांच्या या वृद्धाने कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. त्याच वर्षी तरुण सावरकर लंडनला पोहोचले होते. मार्ग भिन्न होते, पण अर्ज-विनंत्यांचे युग संपल्याची खूण दोन्हीकडे एकच होती. शेकडो वर्षांपूर्वी या भूमीने आश्रय दिलेल्या पारशी समाजातील एका सुपुत्राने राष्ट्राची मागणी एका शब्दात मांडावी, यातच या भूमीशी एकरूप होण्याचा खरा अर्थ आहे.

ते स्वराज्य आले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंजीच्या शेतमजुराला आणि त्याच्या पत्नीलाही मत मिळाले. दादाभाईंना पाठिंबा देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना १८९२ मध्ये तो अधिकार नव्हता, हेही येथे लक्षात घ्यावे. त्यानंतर वर्ध्याने फिन्सबरीचाच धडा गिरविला. श्रीमन्नारायण अग्रवाल, कमलनयन बजाज आणि वसंत साठे अशा नामवंतांचा हा मतदारसंघ काँग्रेसचा अभेद्य गड मानला जाई. १९९१ मध्ये मार्क्सवादी रामचंद्र घंगारे यांनी साठे यांना पराभूत केले आणि १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे निवडून आले. रामदास तडस यांनी २०१४ व २०१९ असे दोनदा यश मिळविले. २०२४ मध्ये हीच जागा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे अमर काळे यांच्याकडे गेली. गड ही संज्ञा वृत्तपत्रांची आहे, मतदारांची नव्हे. कार्यकर्त्यांनी हे कोणत्याही लाटेत विसरू नये.

१७ एप्रिल १९९९ रोजी अटलजींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले. २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा येथे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने पराभूत झाले. एवढे दाखले डोळ्यांसमोर असूनही आपला सुशिक्षित मध्यमवर्ग मतदानाच्या दिवसाला जोडून सुटी घेतो आणि सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर बसून देशाच्या भवितव्याची चिंता करतो. मुलगा पुण्यात नोकरीला, नाव गावच्या यादीत. सून घरात येऊन तीन वर्षे झाली, नाव अद्याप माहेरी. आजोबांना जाऊन दोन वर्षे झाली, त्यांचे नाव मात्र कायम. हे चित्र अनेक घरांत आहे. ते बदलण्यास आंदोलन नको, अर्ज पुरे. नव्या मतदारासाठी नमुना ६, निधन पावलेल्यांचे नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि पत्ता बदलण्यासाठी अथवा दुरुस्तीसाठी नमुना ८. अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणांसाठी आता वर्षातून एक नव्हे, तर चार पात्रता-दिनांक ठरविण्यात आले आहेत.

हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करावयाचे नाही. यादी हातात घेऊन वस्तीतील प्रत्येक घराशी वर्षभर संपर्क ठेवणे, मग ते घर आपल्या विचारांचे असो वा नसो, हेच लोकसंघटनेचे खरे स्वरूप होय. परक्या नगरातील परक्या मतदारांच्या दारात दादाभाई उतारवयात वर्षानुवर्षे गेले, तेव्हा कोठे पाच मते अधिक मिळाली. आपल्याला तर आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या दारात जावयाचे आहे. तेवढेही आपल्याकडून होऊ नये काय?