घोट्याचा भार खुब्यावर

वाचकहो, या वेळी आपण एका बास्केटबॉलपटूच्या घोट्याविषयी बोलणार आहोत. ज्येष्ठांसाठी चाललेल्या या सदरात बास्केटबॉल कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु चालताना तोल जाईल अशी धास्ती ज्यांना वाटते, किंवा अशा आईवडिलांची काळजी जे वाहतात, त्यांना या तरुणाच्या शरीराच्या जडणघडणीतून उपयोगी असे काही हाती लागेल.

स्टीफन करी हा अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’ या संघाकडून खेळणारा गार्ड. गार्डचे काम चेंडूचे टप्पे घेत संघाचा खेळ पुढे नेण्याचे, सहकाऱ्यांना चेंडू पुरवण्याचे आणि संधी मिळताच दुरून नेम साधण्याचे. करीचे वडील डेल हेही याच स्पर्धेत खेळलेले. तरीही मुलाची शरीरयष्टी इतकी सडपातळ होती, की मोठ्या विद्यापीठांनी त्याला संघात घेण्यात रस दाखवला नाही. तो डेव्हिडसन या लहान महाविद्यालयाकडून खेळला. शाळेत असताना तो चेंडू कमरेजवळून फेकत असे. उंच प्रतिस्पर्ध्यांपुढे ही फेक टिकणार नाही हे जाणून वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याला ती नव्याने शिकवली. अंगवळणी पडलेली सवय मोडून दुसरी लावणे किती कष्टाचे असते, हे आपण जाणताच.

२००९ मध्ये वॉरियर्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच हंगामात तो ८० सामने खेळला आणि सामन्यामागे सरासरी सतराहून अधिक गुण त्याने मिळवले. हातातले कसब निर्विवाद होते. प्रश्न होता तो उजव्या घोट्याचा.

गार्डच्या खेळात धावता धावता एकाएकी थांबणे आणि अंग वळवून उलट दिशेने निघणे हे क्षणोक्षणी घडते. त्या प्रत्येक वळणाचा ताण पायाच्या सर्वांत खालच्या सांध्यावर येतो. करीचा घोटा वारंवार मुरगळू लागला. घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पाऊल कोणत्या कोनात टेकले आहे याची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतूंचे सूक्ष्म अग्रही तेथेच असतात. ते दुखावले की वर्दी उशिरा पोहोचते, पाऊल सावरण्यास विलंब होतो आणि घोटा पुन्हा मुरगळतो. २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी करीवर शस्त्रक्रिया झाली. २०११-१२ च्या हंगामातील ६६ सामन्यांपैकी केवळ २६ सामने तो खेळू शकला. त्यानंतर संघाने त्याच्याशी चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा अनेक जाणकारांना ती जोखीम वाटली.

येथून पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. शस्त्रक्रियेने सांध्यातील अडथळे दूर झाले. परंतु तो सांधा टिकवायचा कसा, हा प्रश्न उरलाच. २०१३ नंतर संघाच्या शारीरिक क्षमता प्रशिक्षकांनी घोट्यावरून थोडी नजर वर नेली. त्यांनी पाहिले, की हा तरुण वेग आणि दिशा बदलण्याचे काम प्रामुख्याने घोट्यांकडून करून घेतो. खुबा आणि नितंब यांचे शरीरातील सर्वांत बलवान स्नायू मात्र त्या मानाने कमी वापरले जातात. म्हणून त्याला कमरेतून न वाकता खुब्यातून वाकण्यास शिकवले गेले. पाठ सरळ ठेवून जमिनीवरचे वजन उचलण्याचा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. पुढे हा सडपातळ खेळाडू सुमारे १८० किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार उचलू लागला. वळण्याचे बळ खुब्यातून येऊ लागले आणि घोट्यावरचा ताण हलका झाला. घोटे काही नवे झाले नव्हते. त्यांना आधारपट्टे बांधूनच तो खेळत राहिला.

याच्या जोडीला ब्रँडन पेन या प्रशिक्षकाबरोबर एक वेगळा सराव चालू होता. एका हाताने चेंडूचे टप्पे घेत असताना दुसऱ्या हाताने टेनिसचा चेंडू झेलायचा. मेंदूला एकाच वेळी दोन कामे दिली, की त्यातले एक विचार न करता होऊ लागते. २०१५ मध्ये तो स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. २०१६ मध्ये हा बहुमान त्याला एकमताने मिळाला. त्या हंगामात त्याने तीन गुणांच्या ४०२ फेकी यशस्वी केल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने अशा आठ फेकी साधल्या.

आता आपल्याकडे वळू. उभे असताना शरीर किंचित डोलले, तर घोटे त्याला सावरतात. धक्का मोठा असेल, तर खुबे पुढे येतात. त्याहून मोठा असेल, तर आपण पाऊल टाकतो. वय वाढते तशी तळपायांची संवेदना आणि घोट्यांचे बळ कमी होते. मधुमेह असेल, तर ही झीज अधिक. अशा वेळी तोल राखण्याची जबाबदारी खुब्यांवर येते, आणि तेच स्नायू बसून राहण्याने दुर्बळ झालेले असतात. पडून खुब्याचे हाड मोडले, तर पूर्वीसारखे हिंडणेफिरणे अनेकांना पुन्हा साधत नाही. म्हणून खुब्यांची मशागत आधीच करावी.

करीसारखी वजने उचलण्याचे काही कारण नाही. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्या कडेशी बसून पावले जवळ ओढावीत, पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकावे आणि उभे राहावे. तितक्याच सावकाश पुन्हा बसावे. प्रथम पाच वेळा पुरे. नंतर स्वयंपाकाचा ओटा दोन्ही हातांनी धरून एक पाय बाजूला उचलावा, मग दुसरा. ओटा न सोडता एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सरावही हळूहळू करता येतो. सांधा बदललेला असेल, हाडे ठिसूळ असतील, उभे राहताच चक्कर येत असेल किंवा अलीकडे पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टरांना अथवा फिजिओथेरपिस्टना विचारावे आणि सराव कोणी जवळ असतानाच करावा.

काळजी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयोवृद्ध माणूस जिना चढत असताना त्याला मागून प्रश्न विचारू नयेत. चालणे आणि बोलणे ही दोन कामे त्याचा मेंदू एकाच वेळी पेलेलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, चष्मा असे सारे काही आपण प्रेमाने हातात नेऊन देतो आणि त्यांचे दिवसातून दहा वेळा होणारे उठणे-बसणे नकळत बंद करतो. तेच उठणे-बसणे त्यांचा व्यायाम होता. उठायला हात द्यावा, परंतु त्यांना काखेत धरून वर ओढू नये. उठण्याचे काम त्यांच्याच खुब्यांना करू द्यावे.

आज खुर्चीतून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता आले, हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढचा अंक हाती येईल, तेव्हा पुन्हा मोजा.