डोंगरापलीकडचं बोरिवली

मुलुंडमध्ये राहणाऱ्याला बोरिवली फार लांब वाटतं. फोन वेळ सांगतो: घोडबंदरवरून इतका, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने इतका. भिंतीवरच्या कागदी नकाशावर पट्टी ठेवली, तर दोन्ही स्टेशनांत सरळ रेषेत जेमतेम बारा किलोमीटर भरतात. मधे डोंगर आहे, राष्ट्रीय उद्यानाचं शंभरहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आहे, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. जन्मभर आपण त्या डोंगराला वळसा घालतो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी बोगदे का खोदावे लागतायत, हे नकाशा समोर असला की लहान पोरालाही कळतं. बोगदे हवेत की नकोत यावर खुशाल भांडावं, पण आधी तो डोंगर पाहावा.

रस्ता शोधायला मीही फोनच काढते. मरोळच्या गल्ल्यांत, असल्फ्याच्या चढावर त्याला तोड नाही. पण तो मला मधोमध ठेवून माझ्याभोवती शहर मांडतो. कागदावर मी कुठेच नसते. तिथे अख्खं साष्टी बेट एका नजरेत मावतं: उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला मनोरी आणि मालाड. अंधेरी-घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आले, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. त्याआधीच्या जुन्या नकाशात गावठाणं सुटी सुटी दिसतात आणि मधे शेतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर उंचीच्या तपकिरी रेषा जिथे दाटतात तिथे चढ, जिथे विरळ होतात तिथे सपाट भाग. त्यांच्यामधून निळ्या रेघा निघतात: दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी. चौघींचा उगम याच डोंगरांच्या कुशीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला नाला म्हणतो ती नदी आहे. विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंतची तिची वाट कागदावर बोटाने गिरवून बघा. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलेलं आहे. तिथे बोट अडतं, आणि पुराचं एक मोठं कारण तिथेच उमगतं.

नकाशा वाचणारे नागरिक काय करू शकतात, हे २०१५ साली दिसलं. त्या फेब्रुवारीत शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. आपापल्या भागाची शीट लोकांनी टेबलावर पसरली आणि चुका हेरल्या. जुन्या वास्तू गायब होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना आराखडा नव्याने करायचा आदेश द्यावा लागला. चार माणसं एकाच कागदावर वाकून 'इथे आमची विहीर आहे' म्हणून भांडतात, ती ताकद तळहाताएवढ्या पडद्यात नाही, असं माझं ठाम मत आहे.

आपली मुलं शाळेत महाराष्ट्राचा कोरा नकाशा भरतात, गोदावरी-कृष्णा निळ्या पेन्सिलीने रंगवतात. ते हवंच. पण अंधेरीच्या शाळेतल्या मुलीला ओशिवरा आणि घाटकोपरच्या मुलाला आपल्या वस्तीमागचा डोंगर त्याच पेन्सिलींनी काढता यावा, म्हणून साष्टीचाही कोरा नकाशा स्टेशनरीच्या दुकानात मिळायला हवा. एका इयत्तेपुरता छापला, तरी सुरुवात होईल.