पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच मित्र चंदगड तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर दोन दिवस राहून आलो. कोल्हापूरहून नेहमीच्या रस्त्याने निघाले की निपाणी, संकेश्वर असे कर्नाटकातून जाऊन पुन्हा महाराष्ट्रात यावे लागते. हा तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. आज त्याच्या एका बाजूला कर्नाटक, खाली दोडामार्ग आणि त्यापलीकडे गोवा. आजारी माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, कामधंद्यासाठी तरुण पोरे गोवा गाठतात, आणि कागदासाठी मात्र सगळ्यांना उलट्या दिशेने यावे लागते.

आम्ही गेलो ती वस्ती गवळी धनगरांची, पंधरा-वीस घरांची. भोवती सदाहरित जंगल. पावसाळ्यात चार महिने धुके आणि चिखल. डांबरी रस्ता संपल्यावर तासभर चालावे लागते, आणि बाळंतीण अडली तर तिला डोलीत घालून तेवढेच अंतर खाली न्यावे लागते. चौथीनंतरची शाळा लांब आहे, म्हणून मुलींचे शिक्षण तिथेच थांबते. फोनला रेंज हवी तर एका कड्यावर चढायचे. म्हशी, थोडी नाचणी, थोडे काजू, मध आणि शिकेकाई यावर घर चालते. गवे नाचणी खातात. 2002 पासून कर्नाटकातून हत्तीही या भागात येऊ लागले आहेत. नुकसानीचा पंचनामा करायचा तर सातबारा मागतात, आणि जमीन वनखात्याच्या नावावर असल्याने सातबारा नाही.

आम्ही गेलो होतो त्याला एक कारण होते. वस्तीतल्या काही कुटुंबांचे वनहक्काचे दावे ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून एका कार्यालयातून परत आले होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला वाटले, हे काम माझ्यासारख्याचेच आहे. उपग्रहाची जुनी छायाचित्रे फुकट मिळतात, ती लॅपटॉपवर घ्यायची, शेताच्या हद्दी आखायच्या आणि पुरावा तयार करून द्यायचा.

ते जमले नाही. झाडांच्या छत्रीखाली घरे दिसत नव्हती, नाचणीचे तुकडे आणि गवत सारखेच दिसत होते. दुसरी अडचण मी घरी बसून मोजायला हवी होती. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींत नसलेल्या वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे 1930 साल. पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला 1957 मध्ये!

वस्तीतले एक म्हातारे मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. त्यांनी मला हाताला धरून झाडीत नेले आणि दगडांनी बांधलेली एक विहीर दाखवली. “ही हीर माझ्या आज्यानं खणलीया. तुमच्या मशिनीत दिसती का ओ?”

दिसत नव्हती. पण कायद्याला ती दिसते. नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, बांधबंदिस्ती आहे. दावेदार सोडून अन्य वृद्ध माणसाचा लेखी उतरवून घेतलेला जबाबही आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच म्हटले आहे की, उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीने अमुकच कागद हवा असा आग्रह धरू नये, आणि उपग्रहाची चित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावीत, त्यांच्या जागी नव्हे. लॅपटॉप मिटून आम्ही वही काढली आणि जबाब लिहायला बसलो.

मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या मासिकात का सांगतो आहे? 2019-20 च्या त्या हिवाळ्यात आपल्या घरांतून काय चालले होते ते आठवा. ट्रंका उघडून आजोबांचे शाळेचे दाखले, जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधल्या जात होत्या. नावातल्या एका वेलांटीने झोप उडत होती. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहिलो तिथलेच आहोत हे सिद्ध करायला सांगितले की काय वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेच दुःख डोंगरावरचा धनगर कितीतरी वर्षे सोसतो आहे, आणि आपण त्याच जिल्ह्यात राहून त्याची विचारपूस केलेली नाही. आपल्यापुरता न्याय मागणारी चळवळ ही नागरी चळवळ होत नाही.

काही जण म्हणतील, अशा वस्त्या खाली आणून वसवाव्यात, जंगलही वाचेल. 2020 मध्ये चंदगड, आजरा-भुदरगड, विशाळगड यांसह सह्याद्रीतल्या आठ क्षेत्रांना संवर्धन राखीव म्हणून मान्यता मिळाली. वाघाच्या वाटेसाठी ते हवेच होते. पण संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. ते स्थानिकांशी सल्लामसलत करून करायचे असते आणि त्यात लोकांचे हक्क संपत नाहीत. ज्याला खाली यायचे आहे त्याने जरूर यावे. पण रस्ता नाही, शाळा नाही म्हणून कंटाळून उतरणे याला स्वेच्छा म्हणता येत नाही.

आणि रस्ता-शाळा अशक्यही नाही. याच कायद्याच्या कलम 3(2) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, वीज व दूरध्वनीच्या तारा, पिण्याचे पाणी अशा 13 सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः केला. तिथे ग्रामसभा जागी होती. इथे वस्ती एवढी लहान की गावच्या ग्रामसभेत तिचा आवाज पोचत नाही. तो पोचवायला लिहिता-वाचता येणारी माणसे लागतात.

माझे आजोबा गडहिंग्लजकडच्या खेड्यातून येऊन कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांनी 1906 मध्ये आपल्या समाजाच्या शिक्षणाला हात दिला नसता तर मी इंजिनिअर झालो नसतो. ते ऋण फेडायचे तर आज कुणाच्या तरी मुलीला पाचवीत बसवण्यापासून सुरुवात करता येईल.

आम्ही सात जबाब लिहिले. मामांनी आपल्या जबाबावर अंगठा उठवला आणि विहिरीचा फोटो सोबत जोडायला लावला. दावे पुन्हा दाखल झाले आहेत. निकाल अजून नाही. कलम 3(2) चा अर्ज लिहायचा राहिला आहे. दिवाळीनंतर वाट सुकली की आम्ही परत जाणार आहोत. ज्यांना मराठीत नीट अर्ज लिहिता येतो आणि तासभर चढ चढता येतो, त्यांनी सोबत यावे.