छपरावरची हिरवळ आणि खालचा ट्रक



मागच्या वसंतात एका शनिवारी आपल्या शाळेच्या मोठ्या गटातली मुलं आणि आम्ही पाच-सहा पालक डिअरबॉर्नला फोर्डचा रूज कारखाना बघायला गेलो होतो. तिथे एका उंच सज्जावरून ट्रकच्या कारखान्याचं छप्पर दिसतं. ते हिरवं आहे! रंगाने नव्हे, झाडांनी. 2003 साली तयार झालेल्या ह्या 10.4 एकरांच्या छपरावर सेडम नावाची, जाड रसाळ पानांची बुटकी झाडं पसरली आहेत. आम्ही कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "काका, हे गवत ट्रकचा धूर खातं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातले निम्मे ह्याच मोटारींच्या धंद्यात कुठे ना कुठे सॉफ्टवेअर लिहून पोट भरतात, पण सरळ उत्तर कोणालाच देता आलं नाही. परतताना गाडीत बरीच चर्चा झाली. तिच्यातून आमचं जे मत बनलं, ते ह्या अंकासाठी लिहीत आहोत.

आधी छपराची बाजू. इथे पूर्वी काय होतं ते आठवलं पाहिजे. ह्या कारखान्यांच्या कडेने वाहणाऱ्या रूज नदीवर इतकं तेल साचलं होतं की 1969 साली तिने चक्क पेट घेतला. आपल्याकडे, डेट्रॉईटच्या जुन्या भागात, पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच आहे. मोठी सर आली की ते भरून वाहतं आणि सगळी घाण नदीत उतरते. सेडमचं छप्पर पाऊस शोषून घेतं, उरलेलं पाणी सावकाश सोडतं आणि खालची इमारत उन्हात कमी तापू देतं. शिवाय तिथे किलडियर पक्ष्यांनी अंडी घातल्याचीही नोंद आहे. किलडियर म्हणजे आपल्या टिटवीचा चुलतभाऊ. टिटवीसारखाच उघड्यावर अंडी घालणारा आणि आरडाओरडा करणारा!

आता खालचा ट्रक. हिशेब मुलांनाही जमेल असा आहे. ट्रक 20 मैलांना एक गॅलन पेट्रोल पितो आणि आयुष्यात दीड लाख मैल धावतो असं धरू. म्हणजे 7,500 गॅलन. एक गॅलन जळला की सुमारे 8.9 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार करा: जवळजवळ 67 टन. हा झाला एका ट्रकचा धूर. असे ट्रक त्या छपराखालून रोज बाहेर पडतात. बोटभर उंचीची झाडं हे ओझं कुठून पेलणार?

"वरून कीर्तन, आतून तमाशा" असं म्हणायचा मोह होतो, पण ते अन्यायाचं होईल. छपराचं काम छप्पर चोख करतं. चूक होते ती आपली, छपराचं पुण्य ट्रकच्या खात्यावर मांडण्याची. आमचं म्हणणं एवढंच की प्रत्येक कारखानदाराने दोन वह्या ठेवाव्यात, एक धुराची आणि एक जिवांची. आणि एका वहीतली शिल्लक दुसऱ्या वहीत कधीही ओढू नये.

कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. कार्बनचा टन मिशिगनमध्ये वाचवला काय आणि महाराष्ट्रात वाचवला काय, हवेला सारखाच. पक्ष्याच्या घरट्याचं तसं नाही. इथली पाणथळ जागा बुजवून दुसऱ्या खंडात झाडं लावली, तर इथल्या बेडकाला त्याचा काय उपयोग?

धुराच्या वहीत सुरुवात घरापासून करावी. रविवारी कारखाना बंद असतानाही मीटर का फिरतो, हा पहिला प्रश्न. मोटारीच्या कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा रंगकामाला लागते, कारण रंग सुकवायच्या भट्ट्या आणि हवा खेळवणारे पंखे सतत चालू असतात. दाबाच्या हवेच्या नळ्या गळत असतात, ते वेगळंच. मग विकतची वीज. फोर्डने 2022 मध्ये डीटीई कंपनीशी मिशिगनमधल्या 650 मेगावॅट सौर विजेचा करार केला, ही चांगली गोष्ट. त्यानंतर कच्चा माल. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या मानाने जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, म्हणून पत्र्याचे उरलेले तुकडे जातीनिहाय वेगळे ठेवून गिरणीकडे परत धाडणं मोलाचं. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठं, म्हणजे गिऱ्हाईक जे जाळतं ते. ह्या ओळीला हात न लावता बाकीची वही कितीही नीटनेटकी ठेवली तरी बेरीज फारशी बदलत नाही.

जिवांच्या वहीला मात्र कारखान्याचं कुंपण पुरतं. भोवतीचं गुळगुळीत लॉन दर आठवड्याला कापण्याऐवजी थोड्या जागेत इथलं रानगवत आणि मिल्कवीड वाढू द्यावं. मिल्कवीड ही आपल्या रुईची नातलग. मोनार्क फुलपाखराची अळी तिच्याशिवाय दुसरं काही खात नाही. स्थलांतराच्या दिवसांत रात्रीचे अनावश्यक दिवे मालवावेत, पक्षी त्यांना भुलून काचांवर आपटतात. ह्याला फार पैसा लागत नाही, "अस्ताव्यस्त दिसतं" हे ऐकून घेण्याची तयारी लागते.

मुंबईच्या पालकांना विक्रोळी आठवत असेल. तिथे गोदरेजने ठाणे खाडीलगतची आपल्या जमिनीवरची तिवरं वर्षानुवर्षं राखली आहेत. त्याच खाडीचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. तिवरांच्या चिखलात कार्बनही गाडलेला राहतो, म्हणजे एकाच झाडाची नोंद दोन्ही वह्यांत होते. पण तिथेसुद्धा तिवर राखलं म्हणून भट्टीला माफी नाही.

कोणी म्हणेल, आपण नोकरदार माणसं, आपलं कोण ऐकतं? खरं आहे. ज्या ट्रकवर आमची घरं चालतात त्यावर असं लिहिताना आमचाही हात जरा अडखळला. पण कारखान्यांचे मीटर, अहवाल आणि आकडे ज्या प्रणालींत जातात, त्या लिहिणारे आपल्याच पॉटलकला पुरणपोळी वाढत असतात! पुढच्या बैठकीत हिरवा फोटो पडद्यावर आला, की नम्रपणे विचारावं: "हा कुठल्या वहीतला?"

आणि त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर: नाही रे बाळा, खात नाही. ती झाडं पाऊस पितात आणि पक्ष्याला जागा देतात. धूर कमी करायचं काम माणसांचंच आहे, त्यात तुझे आईबाबाही आले.