सहा मायक्रोलिटरचा थेंब

अळवाच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते, हे आपण शेतकरी लहानपणापासून पाहत आलो. थेंब जितका लहान, तितकी त्याच्यावर वजनाची सत्ता कमी व पृष्ठभागाच्या ताणाची अधिक. १८७५ साली गाब्रिएल लिपमान या शास्त्रज्ञाने विजेचा दाब बदलून पाऱ्याच्या पृष्ठभागाचा ताण बदलता येतो हे दाखविले. आज त्या ज्ञानावर उभारलेल्या यंत्रांत थेंब विजेने चालवितात, जोडतात, तोडतात. दुसऱ्या एका प्रकारात एका नमुन्याचे तेलामध्ये सुमारे २०,००० थेंब करून प्रत्येकाची वेगळी तपासणी होते. ऐकायला नवल खरे. पण ही मोठ्या प्रयोगशाळांची चैन आहे. खेड्यात खोकत बसलेल्या माणसाला तिचा काय उपयोग, असे कोणी विचारले तर तो प्रश्न आम्हांस रास्तच वाटतो.

त्याचे एक उत्तर गोव्यातून आले आहे. मोलबायो या तेथील कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही क्षयरोगाची तपासणी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्य केली. थुंकीतून जंतूंचे बीजद्रव्य वेगळे करून त्याचा अवघा सहा मायक्रोलिटरचा थेंब एका लहानशा चिपवर सोडतात. एक मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग. चिप वारंवार तापते व निवते, आणि प्रत्येक फेरीत बीजद्रव्य वाढत जाते. वाटीभर पाण्याला हंड्याइतका वेळ लागत नाही, हे गृहिणींना सांगायला नको. म्हणूनच सुमारे तासाभरात निकाल हाती येतो. यंत्र बॅटरीवर चालते. जंतू सापडले तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर लागू पडेल की नाही, हेही दुसऱ्या चिपवर कळते.

सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहण्याची जुनी रीत स्वस्त व उपकारक होती. परंतु एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा नजरेस पडत नाहीत. कमी जंतूंचा रोगी ‘काही नाही’ असे ऐकून घरी परततो, खोकल्याच्या बाटल्या रिचवतो, आणि तोवर घरातील पोरेबाळे त्याच खोलीत निजतात. यासाठी आमचे मत असे की, नवी तपासणी जिल्ह्याच्या गावी असून भागणार नाही. रोजंदारी बुडवून, दोन एसट्या बदलून कोणता मजूर तेथे जाईल? ती जवळच्या आरोग्य केंद्रात हवी. निदान तेथे घेतलेला नमुना त्याच दिवशी पुढे जावयास हवा.

शिवाय येथे थेंब वीज चालवीत नाही, माणसाचा हात चालवितो. नळीने मोजून घेणे, बुडबुडा न येऊ देता चिपवर सोडणे, हे शिकलेल्या हाताचे काम. म्हणून यंत्रासोबत कायमचा, शिकविलेला कर्मचारी मागावा. उद्घाटनाची फीत कापली आणि तंत्रज्ञाची जागा रिकामी, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला! ग्रामसभेत हा प्रश्न नेटाने विचारावा.

आपल्याकडूनही थोडी खबरदारी हवी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करावी. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार घेणाऱ्यास आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. नमुना देताना तोंडातली लाळ देऊ नये. चूळ भरावी, दीर्घ श्वास घ्यावा, आणि छातीतून खोकून आलेला बेडका डबीत द्यावा. तोही उघड्या जागी, माणसांपासून दूर उभे राहून.